महाडची माणसं फक्त 'माहिती' देणार का? गोपाळ गुरू यांचा प्रश्न समजून घेऊया

20 मार्च 2027 रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला 100 वर्षं पूर्ण होतील. त्यानिमित्ताने तुमच्या फीडवर रील्स आणि डॉक्युमेंटरींचा पाऊस पडेल. कुणीतरी कॅमेरा घेऊन महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर जाईल आणि आजी-आजोबांनी ऐकलेल्या आठवणी रेकॉर्ड करेल. पण त्या आठवणींचा अर्थ कोण लावणार? यासाठी गोपाळ गुरू हे नाव माहीत असायला हवं.

गुरू हे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकवलेले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. 2018 मध्ये ते मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे संपादक झाले. बाकीचे अभ्यासक समाजाकडे बघतात, गुरू त्या अभ्यासकांकडे बघतात: हे ज्ञान तुम्ही कसं आणि कुणाच्या जोरावर तयार करता? याला सामाजिक शास्त्रांचं तत्त्वज्ञान म्हणतात. नाव जड आहे, मुद्दा नाही.

2002 चा तो लेख

त्या वर्षी याच साप्ताहिकात गुरूंनी विचारलं की भारतातली सामाजिक शास्त्रं कितपत समतावादी आहेत? त्यांचं उत्तर बोचरं होतं. विद्यापीठांतही वर्णव्यवस्था आहे. सिद्धांत मांडणारे 'ब्राह्मण' आणि माहिती गोळा करणारे 'शूद्र' अशी कामाची वाटणी झाली आहे. दलित अभ्यासकाने आकडे आणावेत, अनुभव सांगावा; त्यातून विचार मात्र दुसऱ्याने काढावा.

गुरूंनी दोष एकाच बाजूला दिला नाही, हे अनेकदा सांगायचं राहून जातं. सिद्धांताकडे पाठ फिरवणाऱ्या दलित अभ्यासकांनाही त्यांनी सुनावलं. कविता आणि आत्मकथनं मोलाची, पण ती सिद्धांताची जागा घेऊ शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मराठी वाचकाला हे टोचेल, कारण आपल्याकडे दलित साहित्याचं कौतुक खूप झालं आणि दलित विचारवंतांचं वाचन त्या मानाने कमी.

आता महाडकडे बघा. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला आणि पुढे महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं, पण कागदावरच. 1927 मध्ये डॉ. आंबेडकरांसह हजारो लोक तिथलं पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले आणि सनातन्यांनी 108 घागरी वापरून तळं 'शुद्ध' केलं. प्रश्न तहानेचा असता तर या घागरी कशाला लागल्या असत्या? गुरूंनी संपादित केलेलं 2009 चं पुस्तक याच गोष्टीवर, म्हणजे अपमानावर आहे. अंगावरची जखम भरते. तुमचा स्पर्श धुऊन काढण्याजोगा आहे, हे भर गावात सांगितलं गेल्यावर काय उरतं? खटला पुढे दहा वर्षं चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये आला.

ज्याला उठून जाता येत नाही

तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांच्यासोबत 2012 मध्ये आलेल्या 'द क्रॅक्ड मिरर' या पुस्तकात अनुभवावर दोघांचा वाद आहे. त्यातला एक मुद्दा सोपा करून सांगते. अभ्यासासाठी वस्तीत आठवडाभर राहणारा माणूस कंटाळला की एसटी पकडून निघू शकतो. तिथे जन्मलेल्याला ती सोय नाही. 'जगलेला अनुभव' म्हणतात तो हा.

22 जुलै 2021 ला तळीये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळेतही माणसं गेली. अशा वेळी पंचनामे होतात, फॉर्म भरले जातात, अहवाल बनतात. गाव उत्तरं देतं. प्रश्न कोणते विचारायचे, हे बाहेर ठरतं. (ही जोड माझी आहे, गुरूंची नाही.)

मग फक्त भोगलेल्यानेच बोलायचं का? पुण्याच्या अभ्यासक शर्मिला रेगे यांचा आक्षेप इथेच होता. दलित स्त्रिया वेगळं बोलतात, असं गुरूंनी 1995 मध्ये लिहिलं. रेगेंनी 1998 मध्ये उत्तर दिलं की ते सगळं त्यांच्यावरच सोपवलं तर बाकीच्यांची जबाबदारी सुटते. इतरांनीही तो इतिहास शिकून स्वतःला बदलायला हवं. मला वर्गात शिकवायला रेगे जास्त उपयोगी वाटतात, पण व्यासपीठावर कोण बसणार हे ठरवताना गुरूच हवेत.

गुरूंबद्दल एक तक्रार मात्र उरते. हे गाजलेले वाद इंग्रजीत झाले. पोलादपूरच्या कॉलेजातल्या मुलीला ते मराठीत सहज मिळत नाहीत.

शताब्दीच्या तयारीत असाल तर दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यापासून सुरुवात करा. महाडला परिषद व्हावी म्हणून आंबेडकरांच्या मागे लागलेले हे संघटक, पुढे कम्युनिस्ट झाले. त्यांचं आत्मचरित्र अपुरं राहिलं, मुलगा सत्येंद्र मोरे यांनी चरित्र पूर्ण केलं. मराठी पुस्तक 2003 मध्ये आलं, इंग्रजी 2019 मध्ये. त्यात महाडचा माणूस नुसती माहिती देत नाही, आपण काय केलं आणि का केलं हेही स्वतःच सांगतो.