समुद्र आपला, पदक भोपाळचं

२०२३च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये नेहा ठाकूरनं सेलिंगचं रौप्यपदक जिंकलं. तिची आयएलसीए-४ म्हणजे एकटीनं चालवायची, एका शिडाची छोटी बोट. नेहा मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या तलावावर, राज्य सरकारच्या अकादमीत. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब.

आणि आपण? अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव. दारात समुद्र, घरात होडी. तरी रेसची डिंगी पोरं फक्त मोबाइलवर बघतात. विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, 'कोळ्यांच्या रक्तातच समुद्र आहे.' या वाक्याची मला चीड येते. रक्ताचं कौतुक फुकटात होतं. बोट, कोच आणि लाइफ जॅकेटला बजेट लागतं.

'हा श्रीमंतांचा खेळ' म्हणणाऱ्यांनी विष्णू सरवणनकडेही बघावं. त्याच स्पर्धेत त्यानं कांस्यपदक मिळवलं. तो लष्करात आहे आणि घडला मुंबईतल्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये. म्हणजे सरकारनं दार उघडलं की सामान्य घरातली पोरंही आत येतात. वर हातात नोकरीही असू शकते.

माझ्या शाळेतल्या मित्राच्या घरची बोट विकली गेली. तो आज पार्सलं पोचवतो. वारा कधी फिरणार हे त्याला अजूनही कळतं, पण त्याचे पैसे कोण देणार?

महापालिकेनं वसईच्या खाडीत सहा डिंगी आणि एक कोच द्यावा. वारा आणि भरती-ओहोटी शिकवणारे म्हातारे बंदरावर बसलेलेच आहेत. त्यांनाही मानधन द्या. सुरुवातीला एवढंच पुरे.