फॅन बदलण्याआधी

‘फॅन फार आवाज करतो, बदलून टाका,’ असं गिऱ्हाईक म्हणतं आणि आपणही लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलतो. नवा फॅन बसतो, आणि तोच यूपीएस किंवा ॲम्प्लिफायर चार दिवसांत पुन्हा टेबलावर येतो. बेअरिंग खरखरत असेल तर दोष फॅनचा, हे मान्य. पण बाकीचा बराचसा आवाज कॅबिनेटचा असतो, असं आमचं मत आहे.

पटत नसेल तर फॅन खोला, बाहेरून 12 व्होल्ट द्या आणि हातात धरा. चांगला फॅन नुसता वाऱ्याचा आवाज करतो. तोच हळूहळू पत्र्यात पंच केलेल्या जाळीजवळ न्या. शेवटच्या सेंटिमीटरभरात भुणभुण सुरू होते. 7 पात्यांचा फॅन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर जाळीच्या पट्टीसमोरून सेकंदाला 350 पाती जातात. कानाला टोचतो तो हा सूर. ती जाळी कापून तारेची गोल जाळी लावा, जागा असेल तर मध्ये स्पेसर घाला. पत्रा थरथरत असेल तर स्क्रूऐवजी रबरी खुंट्या वापरा.

सिरीजमध्ये रेझिस्टर टाकून मोकळं होण्याची सवय मात्र सोडायला हवी. वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, पण हवाही निम्मी होते आणि दाब चौथाईवर येतो. धुळीने बुजलेल्या फिल्टरमधून मग काय जाणार? जानेवारीत थंडगार वाटणारी ही युक्ती मे महिन्यात अकोल्याला 45 अंशांत तपासून पाहा. दर 10 अंश वाढीला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. वेग उतरवायचाच असेल तर हीटसिंकवर थर्मिस्टर बसवून उतरवा. (दोन वायरींच्या फॅनला कमी फ्रीक्वेन्सीचा पीडब्ल्यूएम देऊन नवी टिकटिक पैदा करणारे महाभागही आपल्यातच आहेत.) 80 मिलिमीटरच्या जागी 120 चा फॅन मावत असेल तर उत्तमच, तेवढीच हवा तो जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या वेगात देतो. दाटीच्या कॅबिनेटात मात्र त्याचा दाब अपुरा पडतो, तिथे हा हट्ट नको.

अडचण खरी बिलाची आहे. फॅनचे पैसे गिऱ्हाईक कुरकुर न करता देतं, जाळी कापण्याच्या अर्ध्या तासाची मजुरी त्याला जड जाते. म्हणून काम त्याच्यासमोर करा, जुनी जाळी हातात द्या आणि बिलावर स्पष्ट लिहा: फॅन जुनाच, जाळी नवी, मजुरी अर्धा तास.