आधी आडवी, मग उभी

इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं भरतात. इथल्याच विपश्यना विशोधन विन्यासाने पाली तिपिटक देवनागरीत छापलं, त्यामुळे बुद्धवचन वाचताना आपल्याला लिपीची अडचण राहिली नाही. पण त्याच परंपरेचा फार मोठा ठेवा चिनी भाषेत आहे. त्या ओढीने मी चिनी अक्षरं गिरवू लागलो. ती समजून घ्यायची असतील तर रेघांचा क्रम आधी हातात बसला पाहिजे, हे आता मला पुरतं पटलं आहे.

नियम मोजके आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी रेघ उभीला छेदत असेल तर आडवी आधी. ‘दहा’ हे अक्षर म्हणजे अधिकाचं चिन्ह, ते असंच लिहायचं. ‘माणूस’ लिहिताना डावीकडे उतरणारी रेघ आधी, उजवीकडची नंतर. ‘लहान’मध्ये मधली रेघ आधी, बाजूच्या दोन मागून. ‘देश’ हे अक्षर चौकटीत बसतं. तिथे तीन बाजू काढायच्या, आतला भाग भरायचा आणि तळाची रेघ शेवटी. आधी माणसं आत घ्या, मग दार लावा, असं चिनी मुलांना शिकवतात.

‘तोंड’ हे अक्षर साधा चौकोन दिसतो. त्याच्या बाजू चार, पण रेघा तीनच, कारण वरची आणि उजवी बाजू हात न उचलता एका वळणात काढतात. हा बारकावा कोशात कामाला येतो. 1716 सालच्या खांग्शी कोशाने अक्षरं 214 मूलघटकांखाली लावली, आणि ते घटक रेघांच्या संख्येने मांडले. रेघ चुकीची मोजली की शब्द सापडत नाही.

हात सरावला की अक्षराचे घटक आपोआप सुटे दिसू लागतात. ‘मन’ चार रेघांचं. तेच ‘राग’, ‘विसरणे’, ‘सोसणे’ या अक्षरांच्या तळाशी भेटतं. बौद्ध ग्रंथांत ‘स्मृती’साठी येणाऱ्या अक्षरातही खाली ‘मन’ आहे. वरचा भाग उच्चार सुचवतो, खालचा अर्थाची दिशा दाखवतो. बहुसंख्य चिनी अक्षरांची घडण अशीच आहे.

भरभर लिहिलेल्या मजकुरात तर क्रमाशिवाय गत्यंतरच नसतं. रेघा एकमेकींत मिसळतात, आणि हात कुठून कुठे गेला हे ठाऊक असेल तरच अक्षर लागतं. मोडीचे कागद वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोडीत ओळीची रेघ आधी ओढतात आणि लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं तिच्याखाली चालवतात. ते वळण हाताला माहीत नसेल तर नुसत्या डोळ्यांना मोडी दाद देत नाही.

या वाटेने मराठी माणूस पूर्वी गेलेला आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या दोन बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास 1937 साली प्रसिद्ध केला. ‘विमुत्तिमग्ग’चं मूळ काळाच्या ओघात हरवलं. तो ग्रंथ टिकला सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरामुळे, आणि बापटांनी तो तिथून वाचला. पुढे जपानी विद्वान हिराकावा यांच्यासोबत त्यांनी विनयावरच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांवरच्या, एका चिनी अट्ठकथेचं (भाष्याचं) इंग्रजी भाषांतर केलं. भांडारकर संस्थेने ते 1970 साली छापलं.

आज महाराष्ट्रात पाली शिकणारी मुलंमुली पुष्कळ आहेत. त्यांनी चिनीकडेही वळावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. मोबाइलवर उच्चार टाइप केला की अक्षर पडद्यावर येतं, पण त्याची घडण कळत नाही. चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या, रोज थोडी अक्षरं क्रमाने गिरवा. आपलेच हरवलेले ग्रंथ त्या लिपीत आहेत, आणि ते वाचणारे आपल्याकडे हवेत.