कामाचा भार नव्हे, कामावरचा ताबा

प्राध्यापकांविषयीच्या बातम्या आपल्याकडे बहुधा दोनच प्रकारच्या असतात: रिक्त पदांच्या आणि पगाराच्या. दोन्ही प्रश्न खरेच आहेत. पण त्यांच्या आड एक तिसरा प्रश्न दडलेला आहे आणि तो थेट आरोग्याशी जोडलेला आहे. जे काम माणूस रोज करतो, त्यावर त्याचा स्वतःचा ताबा किती?

‘सातवा वेतन आयोग मिळाला, उन्हाळ्याची सुट्टी मिळते, मग तक्रार कसली?’ हा प्रश्न कायमस्वरूपी प्राध्यापकांना नेहमी ऐकावा लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी त्याचे उत्तर १९५९ मध्येच सुचवले होते. पगार, सुट्ट्या, सोयी कमी पडल्या तर माणूस नाराज होतो. पण त्या पुरेशा असल्या म्हणून तो समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते कामातून, जबाबदारीतून आणि आपल्या कामाची कदर होण्यातून. हर्झबर्ग यांच्या मांडणीवर पुढे टीकाही झाली, पण हा मूळ मुद्दा आजही विचारात घेण्याजोगा आहे.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. भरपूर काम हे आपोआप घातक नसते. काम भरपूर आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभाही असेल, तर माणूस त्यातून शिकतो, वाढतो. काम भरपूर आणि मुभा मात्र शून्य, ही जोडी सर्वांत त्रासदायक. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात सुमारे १८ हजार पुरुष होते. हृदयविकार हा साहेबांचा आजार, असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे जमेस धरूनही बरीच तफावत उरली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात, कामावर ताबा कमी असणे आणि हृदयविकार यांचा संबंध स्पष्टपणे दिसला. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे खरे. पण दुर्लक्ष करावे इतका हा पुरावा किरकोळही नाही.

आता हे आपल्या महाविद्यालयांना लावून पाहू. ‘सक्षमीकरण’ या शब्दाची ग्रेचेन स्प्रायट्झर यांनी १९९५ मध्ये चार भागांत फोड केली: कामात अर्थ वाटणे, आपल्याला ते जमते ही खात्री, निर्णयाची मोकळीक, आणि आपल्या कामाने काही फरक पडतो ही जाणीव. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक प्राध्यापक बरोबर घेऊनच या पेशात येतात. झीज होते ती उरलेल्या दोनांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणे अपेक्षित आहे. त्याशिवाय परीक्षा, उत्तरपत्रिका, मूल्यांकनाचे अहवाल, पोर्टलवर भरायची माहिती. हे सगळे कधी आणि कसे करायचे, हे बहुतेक वेळा वरून ठरते.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात काय झाले, ते आठवावे. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना, घाईघाईने अमलात आला. निकाल कित्येक आठवडे रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून जावे लागले. तंत्रज्ञान वाईट नव्हते. पण ते ज्यांनी वापरायचे, त्यांचा सराव आणि त्यांच्या अडचणी आधी लक्षात घेतल्या असत्या, तर विद्यार्थ्यांचे हाल बरेच टळले असते. शिक्षकांना विचारणे हा केवळ त्यांचा मान राखण्याचा भाग नाही, तर काम नीट होण्याची ती अट आहे.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची स्थिती आणखी बिकट. मोबदला तासांवर मोजला जातो, तयारीचा वेळ हिशेबात येत नाही आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची शाश्वती नसते. समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांच्या मते, श्रम आणि मोबदला यांचे दीर्घकाळ न जुळणे शरीराला बाधते. आणि मोबदला म्हणजे नुसते पैसे नव्हेत, तर मान आणि स्थैर्यही. कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे २०१८ चे नियम सांगतात. जानेवारी २०२५ मधील नव्या नियमांच्या मसुद्यात ही मर्यादा काढून टाकलेली होती. हा केवळ प्रशासकीय बदल नाही, त्याला आरोग्याची बाजूही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. सततचा थकवा, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, ही तिची तीन लक्षणे. व्याख्येतच कारण सांगितले आहे: कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला दीर्घ ताण. म्हणजे उपायही तिथेच शोधायला हवा. योगवर्ग आणि ताणमुक्तीच्या कार्यशाळा वाईट नाहीत, पण त्या कामाची रचना बदलत नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मंजूर चौकटीत अभ्यासक्रम आणि अध्यापनपद्धती ठरवण्याचे स्वातंत्र्य प्राध्यापकांना देऊ करते. ते वर्गापर्यंत पोहोचवायला फार खर्च लागत नाही. परीक्षेतला कोणताही मोठा बदल आधी काही महाविद्यालयांत करून पाहावा. एकच माहिती चार ठिकाणी भरून घेऊ नये. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना विभागाच्या बैठकीत बोलण्याची जागा द्यावी आणि नेमणुकीचा निर्णय सत्र सुरू होण्याआधी कळवावा. रिक्त पदे भरायला वेळ लागेल, पण एवढे तर येत्या सत्रापासूनही करता येईल.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनीही महाविद्यालय निवडताना इमारत आणि श्रेणीबरोबर एक प्रश्न विचारावा: इथे किती शिक्षक कायम आहेत? ज्याला स्वतःच्या उद्याची खात्री नाही, त्याच्यावर आपण मुलांच्या उद्याची जबाबदारी टाकत असतो.