स्वल्पविरामावर तोडायचं, झालं!

‘सीएसव्ही म्हणजे काय हो, स्वल्पविरामावर तोडायचं, झालं!’ असं म्हणणाऱ्याच्या हातून कीबोर्ड काढून घ्यावा, या मताला मी बऱ्याच रात्री जागून आलोय.

आमच्याकडच्या एका हुशार गड्याने असा घरगुती पार्सर लिहिला. चाळीस ओळी. कौतुक झालं. मग खरी फाइल आली. ‘फ्लॅट ४, दुसरा मजला, सदाशिव पेठ’ या एका पत्त्याचे तीन रकाने झाले. पगार १,२५,००० फुटला आणि त्या बिचाऱ्याच्या नावावर १ रुपया उरला. गड्याने अवतरणचिन्हांची सोय केली, तर कुणीतरी ३२" टीव्ही लिहिला. तेही निस्तरलं, तर कुणीतरी पत्त्याच्या मध्येच एंटर मारला. शेवटी एक्सेलने यूटीएफ-८ फाइलच्या डोक्यावर तीन अदृश्य बाइट ठेवले आणि ‘नाव’ हा रकाना सापडेना. स्क्रीनवर इकडे ‘नाव’, तिकडेही ‘नाव’. प्रोग्राम म्हणे, वेगळे. रात्री दोनला ते तीन बाइट मला सापडले. गडी तोवर भरघोस पगारवाढ घेऊन दुसरीकडे गेला होता. घरगुती पार्सर लिहिणारा आणि निस्तरणारा कधीच एक नसतो.

यातलं बहुतेक सगळं आरएफसी ४१८० मध्ये २००५ सालीच लिहून ठेवलंय. पायथॉनबरोबर सीएसव्ही मॉड्यूल २००३ पासून फुकट मिळतं. पण फुकटचं वापरलं तर हुशारी कुठे मिरवायची?

लगेच कुणीतरी लेफ्ट-पॅड काढतो: २०१६ साली अकरा ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले. बरोबर आहे. त्या अकरा ओळी खुशाल स्वतः लिहा. तिथे मी तुमच्याच बाजूने. दुसरा जीसीसी या कंपायलरचं नाव घेतो. त्यांनी २००४ मध्ये पार्सर बनवून देणारं बायसन सोडून सी प्लस प्लसचा पार्सर हाताने लिहिला, कारण त्या भाषेचं व्याकरण बायसनच्या साच्यात धड बसत नव्हतं. तुम्ही कंपायलर लिहिताय की पगारपत्रक वाचताय?

त्या चाळीस ओळींच्या एव्हाना साडेसहाशे झाल्या होत्या. मी त्या उडवल्या, त्या जागी मॉड्यूल वापरणाऱ्या चार ओळी ठेवल्या. महिनाअखेरीस साहेबांनी विचारलं, ‘या महिन्यात तुमच्या कोडच्या ओळी उणे कशा?’