मणका दबला, आता औषध कोणते? किमतीआधी क्रम विचारा

पाण्याची कळशी उचलताना आजीच्या पाठीत कळ येते. एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसतो. इगतपुरीत काय किंवा नाशकात काय, घरातली प्रतिक्रिया ठरलेली: ‘वय झालं, चालायचंच.’ पट्टा आणि वेदनाशामक गोळ्यांवर विषय संपतो. उपचाराचा विचार खरे तर इथून सुरू व्हायला हवा.

‘तीव्र’ म्हणजे काय?
डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आणि किरकोळ कारणाने मोडलेले हाड, हे दोन्ही असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो तीव्र ऑस्टिओपोरोसिस.

पर्याय कोणते?
• अ‍ॅलेंड्रोनेट: आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी. नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही.
• झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड: वर्षातून एकदा सलाइनवाटे. मूत्रपिंड फार कमजोर असेल, तर ही दोन्ही टाळतात.
• डेनोसुमॅब: दर सहा महिन्यांनी इंजेक्शन. ही तिन्ही हाडांची झीज रोखतात.
• टेरिपॅराटाइड: नवे हाड तयार करणारे रोजचे इंजेक्शन, साधारण दोन वर्षे.
• रोमोसोझुमॅब: हाड बांधणारे मासिक इंजेक्शन, १२ महिने. गेल्या वर्षभरात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल, तर देत नाहीत.

आधी कोणते?
मणके दबलेल्या, पाळी गेलेल्या महिलांवरील एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत रिसेड्रोनेट गोळी घेणाऱ्या १२ टक्के महिलांचा मणका नव्याने मोडला; टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांत हे प्रमाण ५.४ टक्के होते. म्हणून स्वस्त गोळीने सुरुवात करायची आणि दुसरे हाड मोडल्यावर महाग इंजेक्शनकडे वळायचे, हा क्रम मला उलटा वाटतो. परवडत नसेल, तर गोळी किंवा वार्षिक सलाइन हा चांगला उपचार आहेच. काहीच न घेणे मात्र सर्वांत महाग पडते.

थांबवले तर?
कसाऱ्याला गाडीला जोडलेली बँकर इंजिने घाट चढवून इगतपुरीत सुटतात. पुढे गाडी मूळ इंजिनावर धावते. हाड बांधणाऱ्या औषधांचेही तसेच. मुदत संपली, की झीज रोखणारे औषध सुरू करावेच लागते. नाहीतर कमावलेले हाड पुन्हा झिजते. डेनोसुमॅब तर परस्पर बंद करूच नये. झीज उसळते आणि एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: आधी कोणते, किती काळ, त्यानंतर काय? चौथा प्रश्न घरातल्यांसाठी. सहा महिन्यांनी, भर जुलैच्या पावसात तारीख आली, तर आजीला दवाखान्यात कोण नेणार? त्याचे उत्तर नसेल, तर डेनोसुमॅब निवडण्याआधी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.