वाफसा आणि छातीतली कळ

मी शेती पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण बांधावर फिरताना दिसते ते लिहिणे भाग आहे. गेल्या हंगामात एका शेतकऱ्याच्या छातीत कळ आली. घाम फुटला. ‘पित्त झालं असंल’ म्हणून सोडा पिऊन गडी झोपला. सकाळी शहरातल्या कॅथलॅबमध्ये नेले, तोवर हृदयाचा बराच स्नायू मेला होता.

कॅथलॅबला आपण उगाच भितो. तिथे छाती फाडत नाहीत. बहुधा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, फुग्याने अडथळा उघडतात, स्टेंट बसवितात. १९७७ साली झुरिचला सुरू झालेला हा उपचार आज आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. स्टेंटच्या किमतीवरही २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे.

रुग्ण पोचल्यापासून ९० मिनिटांत फुगा फुगवावा, असा डॉक्टरांचा दंडक आहे. पण गावातच रात्र गेली तर? वाफसा उडाल्यावर तिफण धरून काय उपयोग! लॅब दोन तासांत गाठणे शक्य नसेल, तर जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून, डॉक्टरांना योग्य वाटल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन घ्यावे व लगेच पुढे निघावे.

सरपंच, पोलीस पाटील यांना विनंती : ईसीजी कोठे निघतो, रात्री कोणाची गाडी मिळेल, हे १०८ क्रमांकासह पंचायतीच्या फलकावर लिहा. पंपाचा फ्यूज उडाला तर आपण मध्यरात्री धावतो. माणसासाठी सकाळची वाट का पाहायची?